कुंभाराच्या चाकावर पहिल्यांदा बसणाऱ्यांसाठी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी चव्वेचाळिसाव्या वर्षी चाकावर बसले. कुडाळ आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका गावात, एका कुंभाराच्या पडवीत. त्याला आता सहा वर्षं झाली. शनिवार-रविवारी त्याच पडवीत नव्याने येणाऱ्यांना मी माती मळायला शिकवते. चाक मात्र आबाच शिकवतात. आबा म्हणजे घरातले कर्ते कुंभार. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे आजी म्हणतो. फोनवर लोक तेच तेच प्रश्न विचारतात आणि मी दर वेळी वेगळं उत्तर देते, असं आजींचं म्हणणं. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं.

शाळेत चित्रकलेत कायम काठावर पास. मला जमेल का?

जमेल. चाकाला चित्रकलेशी काही घेणंदेणं नाही. कणीक सैल झाली हे तुमच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळत असेल, घावन्याचं पीठ पळीवरून कसं पडतंय ते बघून पाणी घालायचं की नाही हे ठरवता येत असेल, तर तुमची निम्मी तयारी झालेली आहे.

वय साठ आहे, गुडघे धरतात. बसता येईल का?

जमिनीलगतच्या पारंपरिक चाकावर उकिडवं बसावं लागतं, ते तुम्हाला झेपणार नाही. हट्ट करू नका. विजेच्या चाकापुढे स्टूल ठेवून बसता येतं. आमच्याकडे दोन्ही आहेत. आणि चाकच हवं असं कोणी सांगितलं? हाताने वळ्या करून, एकावर एक चढवून, सांधे बोटाने पुसत भांडं उभं करायची रीत चाकापेक्षा जुनी आहे. साठी ओलांडलेल्या बहुतेकांना मी आधी तिकडेच वळवते. पाठीचा त्रास मात्र सगळ्यांनाच होतो, पंचविशीतल्यांनाही. दर वीस मिनिटांनी उठायचं.

पहिल्या दिवशी मडकं होतं का?

नाही. पहिल्या दिवशी बहुधा चिखल होतो.

चाक फिरवून, अंगठा घातला की मडकं वर येतं, हे दृश्य आपण सगळ्यांनी लहानपणी बघितलंय, म्हणून ते सोपं वाटतं. त्याच्या आधी एक पायरी असते, ती बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही: गोळा मध्यावर आणणं. चाकावर आपटलेला गोळा कधीच बरोब्बर मध्यावर पडत नाही. चाक फिरायला लागलं की तो एका बाजूने हाताला ठोसे मारतो. नवखा माणूस त्या ठोशांना उत्तर द्यायला जातो. गोळा डावीकडे आला की डावीकडून ढकलतो, उजवीकडे आला की उजवीकडून. माणूस आणि माती दोघंही डुलत राहतात.

मी तीन शनिवार डुलले. चौथ्या शनिवारी आबा मागून आले, माझं डावं कोपर धरलं आणि मांडीवर दाबून बसवलं. म्हणाले, “मातयेक ढकलू नको. हात थंयच ठेव, माती येतली.” एवढंच. कोपर मांडीला, मनगट ताठ, तळवा गोळ्याच्या कुशीला. ठोसे आले, मी उत्तर दिलं नाही. पाच-सहा फेऱ्यांत ठोसे लहान झाले आणि मग एकदम थांबले. चाक फिरत होतं, पण गोळा उभा असल्यासारखा दिसत होता. हाताखाली नुसती गार, गुळगुळीत सरकन. मला त्या क्षणी काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. मी ओरडले, “आबा, आलं!” आणि ओरडताना हात हलला नि गोळा परत गेला.

सांगायचं एवढंच, की पहिला महिना याच एका गोष्टीचा. यू-ट्यूब बघून आलेले पोरगे पहिल्याच दिवशी फुलदाणी मागतात. त्यांना मी माती मळायला बसवते.

मी केलेली भांडी घरी न्यायला कधी मिळतात?

या प्रश्नावर लोक नाराज होतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. पहिले दोन महिने काहीही नाही.

आमच्याकडे गोळा उघडून भिंत वर काढता यायला लागली, की सरळ नळी करायची असते. बुडाला आणि तोंडाला जवळपास सारखीच, वीतभर उंच. कंटाळवाणी वाटते, पण कोकणातली घरं कित्येक पिढ्या याच नळीखाली झोपली आहेत. नळीची कौलं म्हणतो ती अशीच व्हायची: चाकावर निमुळती नळी काढायची, ओली असताना उभी चिरायची, दोन कौलं तयार. पुढे मंगलोरी कौलं आली. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कारखाना काढला, साच्यातली चपटी कौलं किनाऱ्याने वर सरकत आली आणि नळीच्या कौलांबरोबर कुंभाराचं एक मोठं काम गेलं. आबांच्या वडिलांनी कौलं केली होती. आबांनी केली नाहीत, पण शिकवताना सुरुवात अजून नळीपासूनच.

तर माझी पहिली धड नळी झाली तेव्हा मी सहा इंचांवर पोहोचले होते. बाहेरून देखणी. मी फोन काढायला हात पुसू लागले. आबांनी खुंटीवरची तंगूस माझ्या हातात दिली. तंगूस म्हणजे मासे गरवायचा साधा दोरा, दोन टोकांना करवंटीचे तुकडे बांधलेले. म्हणाले, “काप.” मला वाटलं, बुडातून कापून चाकावरून उतरवायची. तर म्हणाले, “मधोमध. उभी.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग कापली. दोन अर्ध्या बाजूला पडल्या, आणि आतलं सगळं समोर आलं. तळाला अंगठ्याएवढा जाड थर, मध्ये भिंत पातळ होत होत कागदाएवढी, आणि काठाशी पुन्हा जाड. बाहेरून दिसणारं सगळं खोटं होतं. “दिसता बरा,” आबा म्हणाले, “पण पोटात बघ.”

त्यानंतर दोन महिने मी केलेलं प्रत्येक भांडं स्वतः कापलं. पहिल्या आठवड्यात पोटात गोळा यायचा. नंतर उत्सुकता वाटायला लागली, आज कुठे जाड राहिलं असेल? तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात कापायच्या आधीच बोटांना कळायला लागलं. तंगूस खुंटीवर अजून आहे, आणि आलेल्या प्रत्येकाला ती धरावी लागते. एक बाई कापायला तयार झाल्या नाहीत. भांडं पिशवीत घालून घेऊन गेल्या, पुन्हा आल्या नाहीत. घरी जाईपर्यंत ते बसलं असणार.

माझ्या अंगणातली लाल माती चालेल का?

बहुतेक नाही. आपली तांबडी माती म्हणजे जांभ्याचा चुरा. कोकणातल्या पावसाने खडकातलं बरंचसं विरघळून वाहून नेलं आणि लोखंड मागे राहिलं, त्याचा हा रंग. रंग सुरेख, पण चिवटपणा नाही. भिंत वर काढायला गेलं की फाटते. कामाची माती सखल मळ्यात, तळ्याच्या पोटात, नदीच्या वळणावर मिळते. तिथे वाहून आलेला बारीक गाळ वर्षानुवर्षं बसलेला असतो. भातशेतीच्या वरच्या थराखाली करडी, कधी काळपट चिकण माती लागते, तीच.

घरी तपासायची असेल तर मूठभर माती भिजवा, मळा, पेन्सिलीएवढी वळी करा आणि बोटाभोवती गुंडाळा. भेगा पडल्या तर सोडून द्या. नाही पडल्या तर वडी थापून तिच्यावर पट्टीने बरोबर १० सेंमीची रेघ ओढा आणि सावलीत वाळू द्या. वाळून रेघ ९ सेंमीच्या खाली गेली तर ती माती फार आक्रसते, भांडं तडकणार. मग त्यात बारीक वाळू किंवा जुन्या खापराची पूड मिसळायची.

आता खाडीच्या मातीबद्दल, कारण किनाऱ्यावरचे लोक हमखास तीच घेऊन येतात. दिसायला ती लोण्यासारखी असते. पण एक तर तिच्यात मीठ, त्यामुळे भाजल्यावर भांड्यावर पांढरा लोणा येतो. आणि दुसरं, शिंपल्यांचे कण. मी पहिल्या वर्षी हुशारी करून खाडीकाठची बादलीभर माती आणली, गाळली (नीट नाही, हे नंतर कळलं) आणि एक बरणी केली. भट्टीतून फार छान निघाली. टेबलावर ठेवली. बाराव्या दिवशी दुपारी टक् असा आवाज झाला आणि बरणीच्या पोटावरचा नखाएवढा टवका टेबलावर पडला. खळग्याच्या मधोमध पांढरा ठिपका. पुढच्या आठवड्यात आणखी तीन.

आजींना दाखवली तर त्या हसायलाच लागल्या. शिंपले भाजून चुना करायची रीत या किनाऱ्यावर जुनी आहे, चुन्याच्या भट्ट्या त्याच्याच. माझ्या बरणीत तेच झालं होतं. भट्टीत शिंपल्याच्या कणाचा कळीचा चुना झाला, आणि मग आपल्या दमट हवेतलं पाणी पिऊन तो फुगला. फुगायला जागा नाही, म्हणून टवका उडाला. देशावर कदाचित महिनाभर टिकली असती. बरणी माझ्याकडे आहे, तिच्यात मी पेनं ठेवते.

गणपतीची शाडू माती वापरली तर?

मूर्तीसाठी उत्तम, चाकासाठी नको. शाडूची मूर्ती भाजायची नसते, पाण्यात विरघळायची असते. तिची गरज वेगळी. आणि गणपतीच्या शाळेतून, म्हणजे मूर्ती घडवतात तिथून, उरलेली माती उचलून आणू नका. तिथे प्लास्टरचं कामही चालत असेल तर त्याचे कण मिसळलेले असतात, आणि भाजल्यावर ते शिंपल्यासारखेच टवके उडवतात.

एक मात्र आहे. ज्यांचं लहानपण गणपतीच्या शाळेत गेलं, घरचा पाट शाळेत पोचवून मग रोज संध्याकाळी ‘आपला’ गणपती कुठवर आला ते बघायला जे पळाले, त्यांचे हात मातीला बुजत नाहीत. पेणहून तयार मूर्ती आणणाऱ्यांपेक्षा ही मुलं अर्धा महिना पुढे असतात, असा माझा अंदाज.

पावसाळ्यात शिकायला येऊ का?

या. शिकायला पावसासारखा काळ नाही. इथे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, हवा ओलीगच्च असते. माती लवकर सुकत नाही, म्हणजे चुकायला भरपूर वेळ मिळतो. मे महिन्यातल्या वाऱ्यात भांड्याचा काठ आधी वाळतो, बूड ओलं राहतं, आणि मध्ये तडा जातो. पावसात तसं होत नाही.

पण वाळायला तेवढाच उशीर. उन्हाळ्यात चार दिवसांत वाळणारं भांडं जुलैत तीन आठवडे घेतं, आणि उघड्यावरची भट्टी तर लावायचीच नाही. जूनमध्ये केलेलं दसऱ्यापर्यंत फळीवर बसून राहील अशी तयारी ठेवा. मुंबईच्या लोकांना हे सांगितलं की ते विचारतात, ड्रायर नाही का?

भांडं वाळलं हे कसं ओळखायचं?

गालाला लावून. हे आजींचं. हाताला फरक कळत नाही, गालाला कळतो. आत पाणी असेल तर ते उडत असतं, म्हणून भांडं गार लागतं. “गालाक लावून बघ. थंड लागला तर अजून ओला आसा.” मी दमटपणा मोजायचं यंत्र आणून ठेवलं होतं. ते आता कोपऱ्यात पडून आहे.

घरी गॅसवर किंवा चुलीत भाजता येईल का?

पणतीसुद्धा धड भाजली जाणार नाही. माती कायमची बदलायला साधारण ६०० अंश सेल्सिअसच्या वर जावं लागतं, आणि तिथपर्यंत सावकाश. गवत, शेणी, नारळाची सोडणं, लाकडं रचून लावलेल्या उघड्या भट्टीत, म्हणजे जुन्या भाषेत आव्यात, सातशे ते नऊशे अंशांपर्यंत जातं. विजेच्या भट्टीत पहिलं भाजणं साधारण ९५० ते १००० अंशांवर करतात. चकचकीत लुकणाची, म्हणजे काचेसारखा थर चढवलेली, बरीच भांडी बाराशेच्या वर नेतात, पण त्याला माती वेगळी लागते; आपली मळ्यातली तिथे नेली तर वितळून बसेल.

शंभर अंशांपर्यंतचा टप्पा सगळ्यात नाजूक. भांड्यात पाणी उरलं असेल तर त्याची वाफ होते आणि भांडं फुटतं. पुढे ५७३ अंशांना मातीतले गारेचे (क्वार्ट्झचे) कण एकदम किंचित फुगतात, आणि थंड होताना त्याच ठिकाणी आक्रसतात. म्हणून भट्टी घाईने उघडायची नाही. आबांना ५७३ हा आकडा माहीत नाही. ते राखेवर हात धरतात आणि म्हणतात, “उद्या.”

इतकं करून फुटलं तर?

फुटतं. माझं सांगते. दुसऱ्या वर्षीचा मे, ढग यायला लागले होते. बावीस भांडी वाळत होती आणि पाऊस लागला तर ती दसऱ्यापर्यंत अडकणार. मला ती जूनच्या आधी हवी होती, कारण मी काही लोकांना शब्द देऊन बसले होते. आजींनी दोन भांडी गालाला लावली आणि मान हलवली. मी म्हटलं, थोडीशीच गार आहेत. त्यांनी विचारलं, “घाय कोणाक आसा, तुका काय मडक्याक?” आणि आत निघून गेल्या.

भट्टी लावली. तासाभरात आतून आवाज यायला लागले, लाह्या फुटल्यासारखे. पहिला आला तेव्हा मी मनात म्हटलं, एखादं असेल. मग मोजायचं सोडून दिलं. दुसऱ्या दिवशी बावीसपैकी नऊ निघाली. आबा एक अक्षर बोलले नाहीत. आजींनी खापऱ्या सुपात भरल्या, कुटायला ठेवल्या आणि पुढच्या मातीत पूड मिसळली. माझ्या आत्ताच्या चहाच्या कपात त्या तेरा भांड्यांतलं काहीतरी असणार.

मातीकामाने मन शांत होतं म्हणतात. खरं आहे का?

कधी होतं. कधी अजिबात नाही. ऑफिसात भांडून आलेल्या दिवशी मी जे काही करते ते एका बाजूला जाड असतं, आणि ते बघून मी आणखी चिडते. शांत व्हायचं म्हणून येणाऱ्यांची निराशा होते, कारण ते शांत झालो का ते तपासत बसतात. तळवा कुठे आहे हे बघायला आलेल्यांची होत नाही. आणि ज्यांना खरोखर झोप लागत नाही, रडू आवरत नाही, त्यांनी आधी डॉक्टरकडे जावं, मग इथे यावं. चाक हे औषध नाही.

‘व्यक्तिमत्त्व विकास’ होतो का? तुमच्या स्वभावात काय बदललं?

हा शब्द मला शिबिरांच्या पोस्टरवरचा वाटतो. पण प्रश्न खरा आहे, म्हणून टाळत नाही.

गोरोबाकाकांची गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तेर गावी संत जमले, मुक्ताबाईने गोरोबांना सांगितलं, यातली मडकी कच्ची किती आणि पक्की किती ते बघा. गोरोबांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारायला सुरुवात केली. बाकीचे गप्प बसले, नामदेव कुरकुरले, आणि ठरलं, हे मडकं कच्चं. पुढे नामदेव विसोबा खेचरांकडे गेले. तेव्हापासून आपल्या भाषेत ‘कच्चं मडकं’ ही शिवी आहे.

पडवीत बसून माझं मत उलट झालं. न भाजलेलं भांडं पाण्याच्या बादलीत टाका, अर्ध्या तासात त्याचा गाळ होतो. तो सुकवा, मळा, पुन्हा चाकावर लावा. वाटेल तितक्या वेळा. भाजलेल्याचं तसं होत नाही, त्याचं फार तर खापर होतं. मी वीस वर्षं हिशेब तपासायचं काम केलंय. तिथे चूक म्हणजे लाल शाई, आणि लाल शाई फाइलमधून निघत नाही. चाळिशी ओलांडेपर्यंत मी स्वतःला पक्की भाजलेली समजत होते. नवं काही शिकायचं तर चारचौघांत चुकावं लागेल, त्यापेक्षा नकोच.

बदल काय झाला तो छोटा आहे. गेल्या वर्षी ऑफिसात हिशेबाची नवी प्रणाली आली. माझ्या निम्म्या वयाच्या मुलीशेजारी खुर्ची ओढून मी म्हटलं, मला काही येत नाही, पहिल्यापासून दाखव. तीन दिवस चुकले, तिच्या देखत. सहा वर्षांपूर्वी मी हे केलं नसतं. रजा टाकली असती आणि घरी गुपचूप पुस्तक वाचलं असतं. यात मातीचा वाटा किती आणि वयाचा किती, कोण सांगणार. नवऱ्याला विचाराल तर तो म्हणेल, काही बदललं नाही, अजून तशीच घाईची आहे.

कुंभाराकडे शिकावं की शहरातल्या स्टुडिओत?

दोन्हीकडे वेगळं मिळतं. स्टुडिओत लुकणं, तापमान, मातीची रसायनं नीट शिकवतात. पुढे गंभीरपणे करायचं असेल तर मुंबईचं सर ज. जी. कला महाविद्यालय आहे, पुदुच्चेरीला १९७१ पासून चालू असलेली गोल्डन ब्रिज पॉटरी आहे. कुंभाराकडे माती ओळखायला मिळते, आणि हात बघायला मिळतो.

पण कुंभाराकडे जाताना एक लक्षात ठेवा: तुमचा छंद हे त्याचं पोट आहे. दिवसाचे पैसे आधी ठरवा आणि द्या. ‘आम्ही तुमची कला जगासमोर आणतो’ हे मोबदल्यात चालत नाही. संक्रांतीची सुगडं, नवरात्रातले घट, दिवाळीच्या पणत्या, या दिवसांच्या आधीचे तीन आठवडे शिकवायला सांगू नका. २०१८ पासून खादी ग्रामोद्योग आयोगाच्या कुंभार सशक्तीकरण योजनेतून विजेची चाकं दिली जातात, तेव्हा ‘खरं पारंपरिक चाक नाही का?’ असं नाक मुरडून विचारू नका. आबांच्या खांद्याला विचारा.

आणखी एक. पुष्कळ कुंभार घरांत बाईने चाकाला हात लावायचा नाही अशी रीत होती. माती आणायची, तुडवायची, गाळायची, मडक्याचं बूड थापून काढायचं, रंगवायचं, हे सगळं बाईचं, चाक पुरुषाचं. आजी कधी चाकावर बसल्या नाहीत. पण माझी सहा वर्षांची शिकवणी मोजली तर निम्म्याहून जास्त त्यांची निघेल. कोणी विचारलं की ‘कोणाकडे शिकलात?’, तर मी दोघांचीही नावं सांगते.

स्वतः केलेल्या तवलीत (मातीच्या भांड्यात) स्वयंपाक करता येईल?

लुकण नसलेल्या, नीट भाजलेल्या तवलीत येईल. आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा, मग तिच्यात पेज मंद आचेवर उकळा, तिथेच थंड होऊ द्या. असं दोन-तीनदा. पेजेतली खळ बारीक छिद्रं बुजवते. साबण कधीच नाही, तो आत मुरतो. राख किंवा नारळाची शेंडी पुरे. पहिल्यांदा डाळ-तांदूळ करा. लगेच बांगड्याचं तिखलं केलंत तर पुढे सहा महिने खीरसुद्धा तिरफळाच्या वासाची होईल.

लुकण लावलेलं भांडं असेल तर त्यात शिसं नाही याची खात्री हवी. आपल्याकडे आमसूल, चिंच, कैरी, सगळं आंबट. आंबटात शिसं उतरतं. खात्री नसेल तर त्यात फुलं ठेवा.

मुलांना पाठवू का?

आठ वर्षांच्या पुढे, हो. बक्षीस, प्रदर्शन, सर्टिफिकेट यांतलं काही मिळणार नाही. पालकांनी पडवीबाहेर थांबायचं.

चाक विकत घेऊ का?

वर्षभर नको. ज्यांनी पहिल्या महिन्यात घेतलं त्यांच्या चाकांवर सध्या कपडे वाळत असतात. मातीचा गोळा, तंगूस, करवंटीचा घासून गोल केलेला तुकडा, पाट आणि जुनी सुती साडी एवढ्यावर हातकाम होतं, आणि यातलं बहुतेक घरात असतं.

मातीचा काही त्रास होतो का?

ओल्या मातीचा नाही. सुक्या धुळीचा होतो. तिच्यात गारेची अतिबारीक पूड असते आणि ती वर्षानुवर्षं फुप्फुसात गेली तर गंभीर आजार होतो. म्हणून पडवी कधीही कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. सुकलेलं भांडं घासायचं असेल तर मास्क लावून, बाहेर. शिकवताना मी एरवी ओरडत नाही, केरसुणी दिसली की ओरडते.

पहिल्या दिवशी काय घेऊन येऊ?

नखं कापून या. बांगड्या, अंगठ्या, घड्याळ घरी. जुना टॉवेल आणि पाण्याची बाटली. पांढरे कपडे नकोत, आपल्या मातीतलं लोखंड निघत नाही. येताना वाटेत खाऊन या, कारण आजी अकराला चहा देतात पण सोबत काही नसतं. चप्पल पायरीखाली काढा, पायरीवर नाही. तिथे भांडी वाळत असतात.